एकाहत्तर आला!

आमच्या शेजारचे व्यंकटेशअण्णा दिवसातून कितीतरी वेळा "आला! एकाहत्तर आला!" असं ओरडत आणि खुर्ची सोडून आतल्या खोलीत पळत. गल्लीत नव्याने आलेल्या एका भाडेकरूने तो मटक्याचा आकडा समजून पैसे लावले आणि घालवले. पुढे बरेच दिवस तो अण्णांशी बोलत नव्हता.

अण्णांनी हयातभर चादरींची डिझाइन्स काढली. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने तिथला जुना लिनक्सवाला कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. कारखाने चालू होते त्या काळी सोलापुरात आमच्या गल्लीत मागांची अशी खडखड असे, की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. माग गेले, अण्णांचा आवाज तेवढा राहिला. त्या खडखडीशिवाय मला अजून दुपारची झोप लागत नाही.

पुढे लकव्याने अण्णांच्या बायकोची, आमच्या वहिनींची, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हाक मारता येईना. म्हणून अण्णांनी त्यांच्या पलंगासमोर कॅमेरा लावला. बाहेर डिझाइन काढता काढता पडद्याच्या कोपऱ्यात वहिनी दिसत. पण चित्र सारखं जाई. यूएसबीच्या एररच्या ओळी धावू लागत, प्रत्येकीच्या शेवटी वजा एकाहत्तर. मग वहिनी पडल्या तर नाहीत ना, म्हणून अण्णाही धावत.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवलेला, म्हणून मला बोलावणं आलं.

"सगळं करून बघितलं, मास्तर. पोर्ट बदललं, बंद करून चालू केलं. मागाचं तेलबी सोडलं थोडं."

तेल ऐकून मी कपाळावर हात मारला आणि कॅमेऱ्याची वायर हातात धरून आत निघालो. उंबऱ्यापाशी वायरीला गाठी लागल्या.

"हे काय, अण्णा?"

"वायर पुरंना की. तोडून दुसरी जोडली. धागा तुटल्यावर काय करतो आपण? गाठच मारतो की!"

चारही तारा रंगाला रंग धरून सुबक बांधलेल्या. चादरीत असल्या गाठी कुणाला सापडल्या नसत्या. यूएसबीला मात्र सापडल्या होत्या.

मी नवी पेठेतून कॅमेऱ्याची नवी वायर आणि एक लांब एक्स्टेन्शन आणून जोडलं; दोन्हींचा जोड वहिनींच्या उशीजवळ आला. एकाहत्तर बंद. मी गल्लीत ताठ मानेने फिरू लागलो.

दोनच दिवसांत अण्णा दारात. "मास्तर, परत गेलं!"

या वेळी एरर नव्हती, नुसतं 'डिस्कनेक्ट'. आत वहिनींच्या उशीजवळचा जोड सुटलेला. उंदराचं काम म्हणून मी तो परत बसवला आणि बाहेर चहा घेत बसलो.

पडद्यावर वहिनींचा डावा हात हलला. सावकाश वायरीकडे सरकला. बोटांनी जोड धरला, ओढला. चित्र गेलं.

अण्णा ओरडले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "चित्र दिसतंय म्हणून जेवण-औषधापुरताच आत जात होतो की, मास्तर."

मी वायर जोडायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

मी चपला घालत होतो तरी आतून अण्णांचा आवाज येत होता. नव्या चादरीच्या किनारीला कुठला रंग घ्यावा, ते वहिनींना विचारत होते.