मताचं पातेलं

“पॉली, या इंग्लंडात मेंदू तीनच. एक बिशपसाहेबांचा, तो फक्त रविवारी चालतो. दुसरा पार्लमेंटचा, तो साडेपाचशे जणांत वाटलाय, प्रत्येकाच्या वाट्याला येणार किती? आणि तिसरा, तू रोज सकाळी पावडर मारतेस त्या माझ्या केसांच्या टोपाखाली.”

आमचे ओबडाया मामा स्वतःची ओळख अशी करून देत. तीस वर्षं त्यांनी केसांचे टोप विणले. गावातली सगळी डोकी आपल्या हाताखालून गेली, तेव्हा आत काय चालतं ते आपल्यालाच ठाऊक, असं म्हणून ते गुप्तहेर झाले. मी त्यांची अनाथ भाची. घर मी सांभाळायची आणि मामांनाही. साठ वर्षं झाली, पण वॉटलबरीची ती निवडणूक मला अजून लख्ख आठवते.

आमच्या गावात ज्याच्या चुलीवर स्वतःचं पातेलं उकळेल, त्यालाच मत. निवडणुकीआधी नगराधिकारी घरोघर जाऊन उकळी बघत, मगच यादीत नाव राही. त्या दिवशी सकाळी शेजारचा सायलस मोची धापा टाकत आला.

“ओबडायाभाऊ, पातेलं गेलं! अधिकारी गल्लीच्या टोकाला पोचलासुद्धा!”

“शांत हो. गेल्याने काय बिघडलं?”

“बिघडलं काय म्हणता? सात वर्षांतून एकदा उमेदवार कर्नलसाहेब मत मागायला माझ्या दारात येतो, हॅट काढतो, ‘मिस्टर ग्रिब’ म्हणतो. एरवी नुसता जोडा पुढे करतो. मत गेलं तर तेवढंही गेलं!” त्याचे डोळे भरून आले.

मामा तडक त्याच्या घरी गेले आणि चुलीतली चिमूटभर राख जिभेवर ठेवली.

“फ्रेंच हेर.”

“राखेवरून कळतं?” मी विचारलं.

“फ्रेंच लसणाशिवाय जेवत नाहीत, आणि इथे लसणाची चव अजिबात नाही. म्हणजे मुद्दाम पुसली.” मग त्यांनी पिवळ्या पक्षावर संशय घेतला, त्यानंतर निळ्यावर. शेवटी म्हणाले, “पातेल्यानेच पक्ष बदलला असेल. हल्ली चांगल्या घराण्यातले बदलतात, ते तर लोखंडी.”

सायलसची बायको मार्था दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी होकारार्थी मान हलवली आणि मागच्या दाराने घरी पळाले.

थोड्या वेळाने मामा विचार करायला म्हणून सायलसला घेऊन घरी आले. आमच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं.

“हे माझंच!” सायलस ओरडला. “कानाला चीर आहे!”

“हळू बोला,” मी म्हटलं. “जळण परवडतं कुणाला? सगळे जेवण भटारखान्यातूनच भाजून आणतात. गल्लीत धड पातेलं हे एकच. सकाळपासून बायका अधिकाऱ्याच्या पुढेपुढे ते एका चुलीवरून दुसरीवर नेतायत. नऊ घरं झाली, आता आपलं, मग तुमचं.”

“मार्था मला बोलली नाही!”

“दादा, तुम्हाला सांगितलेलं तासाभरात गुत्त्यात पोचतं.”

सायलस हसायला लागला. मामा मात्र हसले नाहीत. “हा पुरावा आहे! कोणी हात लावायचा नाही!” असं गर्जून त्यांनी घागरभर पाणी चुलीवर ओतलं. घरभर धूर झाला. तेवढ्यात मार्था मागून आत आली, “बायकांना मत नाही, पण उकळी आमचीच,” असं पुटपुटली आणि पातेलं पदरासारख्या ॲप्रनमध्ये धरून निघून गेली. सायलस तिच्यामागे धावला.

पुढच्या दाराने नगराधिकारी आले. त्यांनी भिजलेली चूल बघितली.

“पातेलं?”

“तपासात आहे,” मामा म्हणाले.

“नाव खोडा,” ते कारकुनाला म्हणाले आणि सायलसकडे गेले. तिथे मस्त उकळी आली होती.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब मतं मागत गल्लीतून फिरले. “मिस्टर ग्रिब!” म्हणत ते इतके वाकले की सायलसने लाजून स्वतःचीही टोपी काढली. आमच्या दारावरून मात्र ते हॅट घट्ट दाबून सरळ पुढे गेले.

मामांनी खिडकीचा पडदा सोडला.

“बघितलंस, पॉली? ओळखसुद्धा दाखवली नाही. काहीतरी फारच गुप्त काम देणार आहेत मला.”