बारशाला शिंक नको

यंदाच्या हिवाळ्यात शिंकायचंच नाही, असं अमरावतीच्या खुशालरावांनी एके सकाळी ठरवलं. हा माणूस काही ठरवतो तेव्हा घरच्यांनी सावध व्हायला हवं. पण संध्याबाईंनी नवऱ्याचं बोलणं नेहमीप्रमाणे एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

कारणही तसंच होतं. सूनबाई दामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अकोल्याला गेली होती. नात झाल्याचं कळताच खुशालराव पेढे घेऊन दवाखान्यात धावले आणि नेमकी खोलीच्या दारातच त्यांना शिंक आली. एक नाही, ओळीने. विहीणबाई गोदाबाईंनी तिथल्या तिथे दार लावून घेतलं.

"इवाई, सर्दी घेऊन लेकराजवळ येऊ नका. बारशाले या, पन बरे होऊन या. नाहीतर मोबाईलवरच पाहा नातीले!"

व्याही पेढे स्वतःच खात परतले. नात दिसली ती मोबाईलवर, आणि तीही अर्धीच (चिरंजीव अंकुर फोटो काढताना अर्धा कॅमेरा अंगठ्याने झाकतात). खुशालरावांना ते फार लागलं. पहिली नात, आणि आजोबांना दारातून परत पाठवतात!

त्या दिवसापासून घरात युद्धपातळीवर काम सुरू झालं. सकाळी काढा, दुपारी वाफ, झोपताना उशाला ओव्याची पुरचुंडी. घरातही मास्क, अंघोळीलाही कानटोपी. शेजारचे नत्थुजी खोकले की हे रस्ता बदलायचे. नाक जरा हुळहुळलं तरी पुन्हा वाफेला बसायचे. पण नाकाने साथ दिली. बारसं तोंडावर आलं तरी शिंकेचा पत्ता नव्हता.

इथे थांबले असते तर सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण बाळंतिणीला डिंकाचे लाडू न्यायचे होते, आणि थंडीच्या लाडवात गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, हवाच. बाजारात ती सोललेली मिळते. तीच खुशालरावांना नको होती.

"सोलनारा शिंकला असन त्याच्यावर! मी घरीच बिब्बे फोडतो."

"अहो, बिब्बा उतते! त्याच्या तेलानं मानूस फुगते," संध्याबाई म्हणाल्या. "माही आई हाताले खोबरेल लावून फोडे."

"मले नको शिकवू. हातमोजे हायेत, मास्क हाय. अजून काय पायजे?"

दोन्ही होतं, यात वाद नाही. खुशालराव अडकित्त्याने एकेक बिब्बा फोडत होते, आणि नाकावरचा मास्क घसरला की त्याच तेलकट हातमोज्यांनी इमानेइतबारे वर ओढत होते.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मूर्तिजापूर आलं तेव्हा वरचा ओठ जड झाला. मग गाल तापले. मग डाव्या डोळ्याला रस्ता अरुंद दिसायला लागला.

"बोलत काहून नाही तुमी?" संध्याबाईंनी विचारलं.

"थंडी हाय," ते मफलर डोळ्यांपर्यंत ओढत पुटपुटले. अकोला येईपर्यंत सूज निमूटपणे आपलं काम करत होती. परत फिरावं का? पण आज नातीचं नाव ठेवणार, आणि आजोबा पुन्हा मोबाईलवर? छे! कल्पनेनेच त्यांचे डोळे भरून आले (डावा आधीच भरलेला होता).

गोदाबाई दारातच ताप मोजायची बंदूक घेऊन उभ्या होत्या.

"खोकला?"

"नायी."

"सर्दी?"

"बिलकूल नायी."

"शिंक?"

"तवापासून एकबी नायी, इहीनबाई. आईची आन!"

बंदूक कपाळावर आली. ताप नव्हता. खुशालरावांनी उंबऱ्यावर पाय ठेवला.

"थांबा. मंग तोंड काहून झाकून राहिले? काढा ते."

ओसरीतले पाहुणे वळून बघायला लागले. खुशालरावांनी मफलर सोडला, मास्क उतरवला.

"अवं माय वं!" कोणीतरी ओरडलं. कोणी गालगुंड म्हणालं, कोणी गोवर. पाळण्याच्या खोलीचं दार आतून धाडकन बंद झालं. संध्याबाईंच्या हातून लाडवांचा डबा निसटता निसटता राहिला.

"इहीनबाई, दुरून पाहू द्या," खुशालराव म्हणाले. "दारातून पाहातो. श्वासबी घेत नायी."

गोदाबाईंनी जवळ येऊन चेहरा निरखला. "इवाई, बिब्बा फोडला का तुमी?"

खुशालरावांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग याची लागन नसते लेकराले. या आत. पन हात लावाचा नायी. आन ते लाडू तिकडेच राहू द्या."

खुशालराव हात पाठीमागे बांधून पाळण्यापाशी उभे राहिले. अखेर नात दिसली, अख्खी दिसली. लालबुंद चेहरा, टम्म गाल, पुढे आलेले ओठ, सुजरे मिटलेले डोळे. दामिनीच्या आजीने एकदा पाळण्यात पाहिलं, एकदा खुशालरावांकडे, आणि टाळी वाजवली.

"बाई बाई! पोरगी थेट आजोबावर गेली!"

सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं आणि माना डोलावल्या. खुशालरावांची छाती फुगली (चेहऱ्यावर आता जागा नव्हती). दामिनीने मात्र लेकीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

गोदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको वं. सूज हाय ते. दोघाईचीबी उतरते."