भोवरे पाटलांनी घोडा पसंत केला

फाल्गुनातल्या एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, धाडच्या बाजारात घोडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी आपापल्या घोड्यांच्या तोंडांवर घोंगड्या टाकल्या. एकाने तेवढी टाकली नाही. ऊन फार होतं म्हणून हे झालं नाही. भोवरे पाटील येत होते.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले आणि मी नागपूरच्या एका साप्ताहिकाला बुलढाण्याकडच्या बातम्या पाठवत असे. पाटलांचं खरं नाव किसनराव. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. त्यांवरून घोड्याच्या मालकाचं पुढचं सांगण्याची जुनी विद्या आहे, ती त्यांना येई. कोणी घोड्यावरून आला की ते त्याला रामराम करत नसत. सरळ घोड्याच्या गळ्याखाली वाकत, केसांतून बोटं फिरवत, ओठ हलवत. मग म्हणत, "लिहेल हाय. मी निस्तं वाचून राह्यलो."

माणसांची डोकीही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. एकदा आमच्या ओसरीवर त्यांनी माझी टोपी उचलली. "दोन भोवरे. दोन लग्नं हायेत तुमच्या नशिबात." हे माझ्या बायकोदेखत. त्यानंतर आमच्या घरचा चहा त्यांना मिळाला नाही.

मी त्यांची भाकितं पडताळून पाहत असे. एका वैद्याला ते म्हणाले होते, "हे घोडं चोरीले जाते." घोडं गेलं. जावयानेच नेलं होतं. दाणा परवडेना म्हणून त्याने ते परत आणून बांधलं. एका जमीनदाराला म्हणाले, "याच्या मालकाचे डोळे जातात." जमीनदाराला चष्मा लागला. इथवर मी हसत होतो.

मग नामदेव. हा पाटलांचा लहानपणापासूनचा दोस्त. बुलढाण्याला घोड्यांचे खेळ होत. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उपटायची. पाटलांच्या सगुणा घोडीपासून त्या खेळासाठी तट्टू काढायचं, पाटलांनी ते वाढवायचं आणि नामदेवने त्यावर बसायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. मध्येच नामदेवने स्वतःच्या बसण्यासाठी एक घोडा घेतला. पाटलांचं बोट त्या घोड्याच्या डाव्या डोळ्याखाली थांबलं. तिथल्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा मालकाच्या घरी रडं आणतो, असा समज आहे. चावडीसमोर, सगळ्यांदेखत, पाटील बोलून गेले, "नामदेवा, हा तुले घरी आणत नाही."

"काऊन बे, मले रस्ता मालूम नाही काय?" नामदेव म्हणाला. लोक हसले.

त्याच पावसाळ्यात नामदेव राजूर घाटाखाली मेलेला सापडला. घोडा एकटा घरी आला. खोगीर सरळ होतं. दिवसभर पाऊस पडत होता आणि खोगिरावर बसायची जागा कोरडी होती. मी स्वतः हात लावून पाहिली. याचं कारण मला सापडलं नाही.

पाटील भेटायला गेले तेव्हा नामदेवची बायको पार्वतीबाई उंबऱ्यात उभी राहिली. "भाऊजी, तुम्ही आता आमच्या दाराकडे पाहू नका," एवढंच म्हणाली.

घोंगड्या तेव्हापासूनच्या. पाटील रस्त्याने निघाले की आया पोरांना टोप्या घालत. भर उन्हात गल्ली ओस पडे. पाटील मधोमध चालत, मान खाली घालून. कोणाकडे पाहत नसत.

सगुणा म्हातारी होत होती. ढोरांच्या डॉक्टरने सांगितलं, गाभण राहिली तर याच हंगामात, पुढे नाही. नामदेवशी ठरलेल्या तट्टूसाठी पाटलांना अजूनही घोडा हवा होता आणि जिल्ह्यात कोणी घोडा दाखवायला तयार नव्हतं. दौऱ्यावर पैदाशीचा सरकारी घोडा आला, तो पाटलांनी पाहिला. सगुणाची पाठ लांब होती, ती वळणात कमी पडे. तिला आखूड पाठीचा, मजबूत कमरेचा, चौदा मुठींपेक्षा कमी उंचीचा जोडीदार पाहिजे होता. सरकारी घोड्याकडे मान वर करून पाहत पाटील म्हणाले, "हा घोडा नाही, शिडी हाय. याचं पोर खुंटीपावतर वाकेपावतर सवार जेवून येईन."

बाजारात ज्याने घोंगडी टाकली नाही, तो रहीम नावाचा चिखलीचा टांगेवाला होता. धाडला तो नवा होता. त्याचा घोडा बुटका, आखूड पाठीचा, जागच्या जागी फिरणारा. पाटील त्याच्याभोवती फिरले. पाय पाहिले, खांदा पाहिला, कंबर दाबून पाहिली. मग त्यांचं बोट डाव्या डोळ्याखाली गेलं आणि तिथेच राहिलं. मी शेजारी होतो. भोवरा मलाही दिसला.

मागे भजी तळणारीने झारा कढईबाहेर धरला.

"क्या हुआ, पाटील? बोलो ना," रहीम म्हणाला. "जल्दी करो बाप्पा, घर पे औरत के दिन भर गए."

पाटलांनी बोट काढलं. "काही नाही. लय चांगला हाय. मले हा घोडाच दे."

"घोडा दिया तो मैं खाऊँ क्या?"

"माही दमणी घे. बैलांसकट. तिच्यात सवाऱ्या ने." दमणी म्हणजे बैलांची हलकी गाडी. पाटील तिच्यातूनच बाजाराला आले होते.

रहीमने माझ्याकडे पाहून, याचं डोकं ठिकाणावर आहे का, असं बोटाने विचारलं. संध्याकाळच्या आत तो दमणी हाकत चिखलीला गेला. पाटील घोड्याची दोरी धरून पायी निघाले. मी गाठून विचारलं, "पाटील, काही दिसलं का?"

"मले आता दिसत नाही, बाप्पा. वय झालं."

त्या घोड्यावर ते कधी बसले नाहीत. त्याला घरीही नेलं नाही. मुलांना सांगितलं, हा घोडा माझा एकट्याचा, घराचा नाही. आणि मळ्यात झोपडी बांधून त्याच्याजवळ राहू लागले. सुनेने पाठवलेली भाकर बांधावर ठेवली जाई. ती ठेवणारा गेला की ते उठत. रहीमला मुलगी झाली. तो मिठाई घेऊन आला, तेव्हा त्यालाही त्यांनी बांधावरूनच परत पाठवलं.

सगुणा गाभण राहिली. माघात, सकाळी, मळ्यातच व्याली. मी पोचलो तेव्हा शिंगरू जमिनीवर ओलं पडलं होतं, सगुणा त्याला चाटत होती आणि पाटील दोघांकडे पाठ करून, गुडघ्यांना मिठी घालून बसले होते.

"पाटील, पाहा तरी."

"मी पाह्यलं म्हंजे लिहेल असते," ते म्हणाले.

तेवढ्यात बांध ओलांडून पार्वतीबाई आली. कोणी बोलावलं होतं, ते मला कळलं नाही. ती शिंगराजवळ बसली. पदराने त्याचं तोंड पुसलं, आधी डाव्या, मग उजव्या डोळ्याखाली अंगठा फिरवला.

"काही नाही हो, भाऊजी," ती म्हणाली. "साफ हाय."

पाटलांनी मान हलवली नाही.

"मी सांगून राह्यली ना. पाहा."

ऊन झोपडीवर आलं तेव्हा शिंगरू चार पायांवर उभं राहून दूध पीत होतं. पार्वतीबाई तिथेच बसून होती. पाटलांनी अजून वळून पाहिलेलं नव्हतं.