पितळी गुंड आणि विलायती रेसगाडी

घरात गाडी आणायचा निर्णय मी उभ्याउभ्या घेतला. बसून विचार केला असता तर घेतला नसता. पण जिनिंग फॅक्टरीत कारकुनाला खुर्ची असली तरी मालकांसमोर उभंच राहावं लागतं.

१९५९ साल. आर्णीत नवा कापूस यायला लागला होता आणि मालकांना गोदाम रिकामं हवं होतं. गोदामाच्या कोपऱ्यात, सरकीच्या पोत्यांमागे, आमचे जुने मॅनेजर हॅमंड साहेब मायदेशी जाताना सोडून गेलेली वेलबोर्न रेसगाडी धूळ खात पडली होती.

“धरमसिंग,” मालक म्हणाले, “हे भंगार कोणाला तरी देऊन टाक.”

“मलाच द्या,” मी म्हणालो.

भंगार म्हणे! साहेबांच्या तोंडून त्या गाडीची सगळी वंशावळ मी ऐकली होती. लढाईच्या आधी विलायतेत अशा मोजक्याच गाड्या बनल्या. पहिल्या मालकाकडे असताना ही तिथल्या गोल ट्रॅकवर धावली, चषक जिंकली. मग एका संस्थानिकाने ती बोटीने मुंबईला आणली. राणीसाहेबांना तिच्या आवाजाने अर्धशिशी उठू लागली, म्हणून ती एका कापूस दलालाकडे गेली. दलालाचं पोट आणि गाडीचं स्टिअरिंग एका वेळी आत मावेनात, म्हणून ती हॅमंड साहेबांकडे आली. साहेबांनी तर तिच्यात बसून आगगाडीला हरवलं होतं. (आमच्याकडची छोटी आगगाडी सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देते, पण ते असो.) आणि साहेबांनंतर पाचवा मालक कोण? धरमसिंग राठोड!

घरी निरोप धाडला, ‘गाडी आणतो आहे.’ तांड्यावर पोचलो तर बायकोने, म्हणजे लालीबाईने, गोठा झाडून ठेवला होता आणि कडबाही टाकला होता.

“अवो, हे काय व्हय?”

“गाडी.”

“मंग बैल बी आपलेच का?”

“हिला बैल लागत नाहीत, लाली!”

“मंग हे वढून राह्यले थे कोन व्हय?”

पुढे जुंपलेल्या बैलांकडे मी जरा रागानेच पाहिलं. “हे फक्त आणण्यापुरते.”

जिनिंगचं इंजिन सांभाळणारा इकबाल मिस्त्री माझा दोस्त. त्याचा आत्मविश्वास आणि माझा आत्मविश्वास एकत्र आले की तिथे अकलेला बसायला जागा उरत नसे. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, “इंजन एकदम शेर हाय, धरमसिंगभाऊ! बस, बाकीची गाडी तेवढी पायजे.”

बाकीची गाडी आम्ही माझ्या घरातून जमवली. गादी उंदरांनी खाल्ली होती, तिथे आमची खाट कापून, सुंभाने बांधून बसवली. पंख्याचा पट्टा शिलाई मशीनने दिला. दरवाजे नव्हतेच, ‘रेसगाडीले दरवाजा कायले पायजे?’ असं इकबालचं मत पडलं. ब्रेकबद्दलही त्याचं जवळजवळ हेच मत होतं. राहता राहिली इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी. ती पार फुटली होती.

“मोठं, मजबूत, पितळी भांडं पायजे,” इकबाल म्हणाला आणि आमच्या दाराशी पाहू लागला. दाराशी लालीच्या आईने आंदण दिलेला, पाण्याने भरलेला पितळी गुंड उन्हात चमकत होता.

लाली नेमकी बाजाराला गेली होती. ती परत आली तेव्हा गुंड गाडीच्या काचेच्या जागी घट्ट बसला होता आणि त्याच्या बुडातून रबरी नळी निघाली होती.

“माहा गुंड कुठी गेला?”

“कामाला लागला,” मी म्हणालो.

तिने गाडी पाहिली. ओरडली नाही, रडली नाही. (तिथेच मी घाबरायला हवं होतं.) तिने भावाकडे जायला कपड्यांचं गाठोडं बांधलं.

“भियाच्या घरी, फुलसावंगीले जाऊन राह्यली मी. गुंड घरी आला म्हंजे निरोप धाडा. तुमी नाई आले तं चालन.”

माझ्या पहिल्या भाकरीचा कोळसा झाला, दुसरी तव्यालाच चिकटून राहिली, आणि घर असं गप्प झालं की मी इकबालच्या कोंबड्यांशी बोलू लागलो. गुंड काढावा तर गाडी मरते, न काढावा तर संसार. शेवटी मला युक्ती सुचली: गुंड काढायचाच नाही. गाडीसकट फुलसावंगीला न्यायचा! राजाराणी ज्या गाडीत बसले तिच्यातून आणायला आल्यावर कोणती बायको नाही म्हणेल?

मी फुलसावंगीला पोचलो तो शंकरपटाचा दिवस होता. बैलजोड्यांची शर्यत बघायला सगळा मुलूख लोटला होता. माझा मेहुणा फुलसिंग आपली पांढरी जोडी घेऊन तिथेच उभा. गाडी पाहून तो पोट धरून हसला.

“भाऊजी, हे पयते का?”

“पळते? ही विलायतेत चषक जिंकलेली गाडी आहे!”

“मंग लावा माह्या जोडीसंग. जितले तं बहिनीले घेऊन जा.”

“मी काय पटातलं बक्षीस हाय का, भिया?” गर्दीतून लालीचा आवाज आला. ती पाण्याची कळशी घेऊन तरातरा आली आणि माझ्या शेजारी चढून बसली. “पानी आटलं तं माहा गुंड जळन. तुमाले काय त्याचं? चालवा!”

ती शेजारी बसली आणि माझ्या अंगात हॅमंड साहेब संचारले. झेंडा पडला. या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पायात नाही, स्टिअरिंगजवळच्या दांडीवर असतो आणि दांडी ओढली तिथेच राहते. ती दांडी मी पूर्ण खाली ओढली. गाडी डरकाळी फोडून अशी उसळली, की सुंभ तुटलं आणि माझी अर्धी खाट माझ्यासकट दार नसलेल्या बाजूने बाहेर गेली.

मी धुळीत खाटेवर बसलेला. गाडी पुढे. गाडीत लाली.

इतिहास, चषक, संस्थानिक, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. “लाली! उडी मार!” ओरडत मी धावत सुटलो. फुलसिंगच्या बैलांनी मला मागे टाकलं आणि जाताजाता फुलसिंग ओरडला, “भाऊजी, बाजूले व्हा, पट चालू हाय!”

लालीने उडी मारली नाही. ती सरकून स्टिअरिंगला भिडली आणि जन्मभर बैल हाकलेली बाई जसं हाकेल तसं तिने ते हाकलं. “हाऽर्र! हाऽर्र!” असा आवाज मला धुळीतून ऐकू येत होता. पांढरी जोडी मागे पडली, शेवटचा झेंडा मागे पडला, आणि थांबवायचं काहीच साधन नसल्यामुळे तिने गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घातली.

मी पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. कडबा दोन्ही हातांनी उपसला. आतून लाली निघाली. केसांत धांडे, बांगड्या जागच्या जागी. तिने आधी गुंड चाचपला.

“पोचा नाई आला,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. “तुमी काहून रडून राह्यले?”

“धूळ गेली डोळ्यात,” मी म्हणालो.

पंचांनी विजयाचा फेटा लालीला बांधला. परतीच्या वाटेवर मी शेजारी बसलो, सुंभाने बांधून. गुंड गाडीतच राहिला, कारण आता गाडी लालीची झाली होती आणि स्वतःच्या गाडीतून कोण कशाला गुंड काढील? पुढच्या हिवाळ्यापासून पार मुकुटबनपर्यंतच्या पटांचं बोलावणं तिला येऊ लागलं. इकबालने तिला ब्रेक बसवून दिले. (मला का नाही बसवले, विचारलं, तर म्हणे, “तुमी मांगितलेच कुठी?”)

बासष्ट साली जुन्या गाड्यांचा एक शौकीन गृहस्थ मुंबईहून आला. अशा वेलबोर्न आता जगात शोधून सापडत नाहीत म्हणाला. गाडीभोवती चार फेऱ्या मारून त्याने कॅमेरा काढला आणि विचारलं, “मालक कोण?”

लालीने डोक्यावरचा पदर सावरला आणि माझ्याकडे बोट केलं. “हे मालक.”

तीन वर्षांनी! मी कोटाची गुंडी लावली, छाती काढली आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो.

“वा!” तो म्हणाला. “म्हणजे गाडी यांची?”

“गाडी? नाई बा,” लाली म्हणाली. “गाडी माही. हे माहे मालक.”

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा हटवला आणि फार अदबीने मला म्हणाला, “मग आपण जरा बाजूला होता का? पुढचं चाक झाकलं जातंय.”