क्लाउड सर्व्हरची पितळी पट्टी

स्फाक्स शहरातल्या जैतून (ऑलिव्ह) रोप परवाना कार्यालयातला सर्व्हर मार्च महिन्यात, कामकाजाच्या वेळेत निधन पावला. बारा वर्षं सेवा झाली होती. शेवटची दोन त्याने पंख्यासमोर बसून काढली. नवा मागवायचा तर राजधानीहून मंजुरी यायला दीड वर्ष, आणि लागवडीचा हंगाम संपत आलेला. तेव्हा कार्यालयातली एकुलती एक संगणक अभियंता फादिया त्रिकी हिने एक अत्यंत बेजबाबदार गोष्ट केली. तिने काम केलं.

समुद्रापलीकडच्या एका कंपनीचा सर्व्हर तिने इंटरनेटवरून भाड्याने घेतला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी लिनक्स प्रणाली त्यावर चढवली आणि दोन दिवसांत परवान्याचा ऑनलाइन अर्ज तयार केला. पूर्वी चाळीस दिवसांनी मिळणारा परवाना चार मिनिटांत मिळू लागला. जूनपर्यंत दोन हजार तीनशे चौदा परवाने गेले आणि कुणाचीही तक्रार आली नाही. या गोष्टीची कार्यालयात गंभीर दखल घेतली गेली.

जूनच्या शेवटी वार्षिक मोजदाद असते. मोजदाद अधिकारी सी लमीन ('सी' म्हणजे तिकडचं 'श्री') नंबर कोरलेल्या पितळी पट्ट्यांची पेटी आणि गोंदाची बाटली घेऊन खुर्चीखुर्चीला पट्टी चिकटवत फादियाच्या टेबलाशी आले.

"मादाम फादिया, चारशे सोळा नंबर हातात उरलाय. सर्व्हर कुठंय तुमचा?"

"क्लाउडमध्ये, सी लमीन."

"ती कुठली खोली?"

"खोली नाही हो. समुद्रापलीकडे आहे. भाड्याचा."

"गाव सांगा. दौऱ्याचा अर्ज टाकतो." सी लमीनच्या आवाजात तीस वर्षांत प्रथमच उत्साह आला.

"गाव कंपनी सांगत नाही. आज या यंत्रावर असतो, उद्या त्या."

सी लमीननी चष्मा काढला. "म्हणजे फरार आहे!"

त्यांनी रकान्यात 'फरार' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. "बरं, त्याच्यात ती जी काय घातलीय, लिनक्स. तिचा मालक?"

"कुणी एक नाही. हजारो लोकांनी लिहिलीय. सगळ्यांची आहे म्हणा."

"सगळ्यांची," सी लमीननी सुवाच्य अक्षरात लिहिलं. "मग सगळ्यांचं संमतिपत्र लागेल. सह्या बलदियेतून, नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी साक्षांकित."

"सी लमीन, सगळे म्हणजे अख्खं जग!"

"जग असो नाहीतर साहेबांचा जावई, सही साक्षांकितच लागते. मी कुणाला सवलत देत नाही."

फादियाला हसू आलं, पण मोजदादीच्या अहवालाच्या शेवटच्या ओळी वाचल्यावर ते मावळलं. जे यंत्र नोंदवहीत नाही ते अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेल्या यंत्राने दिलेले परवाने रद्द. विनापरवाना लावलेलं रोप मालकाने पंधरा दिवसांत उपटावं.

बातमी तिच्याआधी गावोगाव पोचली. दुसऱ्याच दिवशी बीर अली गावाहून, हज करून आलेल्या हाज्जा मबरूकाचा फोन आला. मबरूकाने या वयात, नवऱ्यामागे, एकटीने दोनशे रोपं लावली होती.

"पोरी, माझी झाडं उपटायची म्हणे? आता कुठं नवी पानं धरलीत गं! काय गुन्हा केला त्यांनी?"

"काही नाही, हाज्जा. यंत्र सापडत नाहीये."

"मग शोध की! दोनशे झाडं उपटण्यापेक्षा एक यंत्र शोधणं सोपं नाही का?"

फादिया तडक संचालक सी शादली यांच्याकडे गेली. सी शादली हे कुठलाही प्रश्न कॉफी संपेपर्यंत सोडवणारे गृहस्थ. म्हणून कॉफी ते फार सावकाश पीत.

"सगळ्यांच्या सह्या हव्यात ना?" ते म्हणाले. "सगळ्यांत तुम्ही येता की नाही?"

"येते."

"मग करा सही. बाकीच्यांसाठी फळ्यावर सूचना लावू. हरकत असेल त्याने पंधरा दिवसांत समक्ष यावं."

सूचना लागली. उपटण्याला तेवढीच स्थगिती मिळाली. पंधरा दिवसांत जगातून कुणीही समक्ष आलं नाही. बलदियेतल्या कारकुनाने फादियाचं ओळखपत्र पाहिलं, सही पाहिली आणि तिसऱ्या कुठल्याही गोष्टीकडे न पाहता शिक्का मारला. अशा रीतीने सोळा जुलैला, सकाळी सव्वादहाला, फादिया त्रिकी जगातल्या समस्त लिनक्सची कायदेशीर मालकीण झाली.

सतरा तारखेला तिला कारणे दाखवा नोटीस आली. सरकारी नोकर असताना स्वतःच्या मालकीची वस्तू स्वतःच्याच कार्यालयात वापरली, हा हितसंबंधांचा उघड संघर्ष होता.

"आता काय करू, सी लमीन?" तिने रडकुंडीला येऊन विचारलं.

"बक्षीसपत्र," सी लमीन हळू आवाजात म्हणाले. शेवटी त्यांचीही चार झाडं होती. "देऊन टाका सरकारला. तीन प्रतींत."

तिने लिनक्स प्रजासत्ताकाला दान केली. सी शादलींनी छोटा समारंभ करून तिला मानपत्र दिलं. 'स्वकष्टार्जित संपत्ती देशाला अर्पण केल्याबद्दल' असं त्यात होतं. फादियाच्या आईने ते दिवाणखान्यात लावलं.

राहिली पट्टी. त्यासाठी फादियाने स्वतःच डोकं लावलं. तळमजल्यावरच्या नऊ नंबरच्या रिकाम्या खोलीत तिने एक टेबल ठेवलं आणि सी लमीनना बोलावलं.

"हा सर्व्हर."

सी लमीननी टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं. "यावर काहीच नाही."

"क्लाउड आहे ना. वरती असतो. हे त्याचं खालचं टोक."

"असं सुरुवातीलाच सांगायचं!" सी लमीन मनापासून म्हणाले आणि त्यांनी चारशे सोळा नंबर चिकटवला. परवाने वाचले. मबरूकाची झाडं वाचली. नियमानुसार यंत्राच्या खोलीला लागणारा एसीही बसला. त्या उन्हाळ्यात सर्व्हरच्या देखरेखीसाठी बाराजणांनी स्वेच्छेने नावं दिली.

ऑगस्टमध्ये मबरूका 'लुआज' नावाच्या शेअर टॅक्सीतून साठेक किलोमीटर अंतर कापून आली. हातात छापलेला परवाना.

"हाज्जा, तुमचा परवाना पक्का झालाय! कशाला एवढ्या उन्हात?"

"यंत्र सापडलं म्हणे. बघून जाते."

फादियाने तिला नऊ नंबरमध्ये नेलं. मबरूकाने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला, पट्टी बोटाने चाचपली, परवाना क्षणभर टेबलावर टेकवून उचलला. "आता कसं जिवाला बरं वाटलं," ती म्हणाली आणि गावी जाऊन तिने तसं सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वीसजण आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनशे. फादियाने दारावर पाटी लावली: 'परवाना घरबसल्या वैध आहे. येथे येण्याची गरज नाही.' लोकांनी पाटीचा फोटो काढला, छापून आणला आणि त्यावर शिक्का मागितला. सी लमीननी एक शिक्का तयार करून घेतला: 'येण्याची गरज नव्हती, म्हणून आले.'

सप्टेंबरात फादियाच्या वडिलांनी अंगणात तीन रोपं लावायची ठरवली. तिने घरूनच अर्ज भरला. प्रोग्राम तिचा, सर्व्हर तिने उभा केलेला; त्यातली ओळ न् ओळ तिला पाठ. चार मिनिटांत परवाना आला. तिने तो छापला, उलटसुलट करून पाहिला. चूक कुठेच नव्हती. तरी कागद कसा उघडा उघडा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर निघाली आणि मान खाली घालून नऊ नंबरसमोरच्या रांगेत उभी राहिली. एकतिसावी.

"मादाम, तुम्हीसुद्धा?" पुढच्या शेतकऱ्याने वळून विचारलं. "तुमचं तर तिथल्या तिथं झालं असेल ना?"

"झालंय हो," फादिया म्हणाली. "पण असलेलं बरं."

रांगेतल्या कुणालाही यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तुम्हाला हसू आलं असेल, तर जरूर हसा. फक्त त्याआधी एकदा कपाट उघडून, मोबाइलवर आलेल्या कुठल्या कुठल्या कागदांच्या प्रती तुम्ही लॅमिनेशन करून ठेवल्यात, तेवढं मोजून या.