कलम नऊची दुरुस्ती

"माझ्या नजरेतून चूक सुटली, असं एक तरी उदाहरण दाखवा!"

हे वाक्य अनुस्वार दिवसातून दोनदा तरी म्हणायचाच. एकदा छापखान्यात, एकदा घरी. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून तपासून त्याच्या पाठीला स्वल्पविरामासारखा बाक आला होता आणि खिशातलं लाल पेन झोपतानाही निघत नसे. अनुस्वार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो सगळ्यांच्या डोक्यावर बसायचा, म्हणून छापखान्यातल्यांनी ठेवलेलं.

तर या अनुस्वाराने एका बुधवारी जाहीर केलं, "आईला मावशीकडे मी नेणार! फिरत्या घरातून नेणार!"

फिरतं घर म्हणजे आत पलंग, शेगडी, फ्रीज आणि न्हाणीघर असलेली मोठी गाडी. भाड्याने मिळत होती. आणि तशीच गाडी हवी होती, कारण आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नसे. मावशीचं गाव सहा तासांवर. मावशीचा मुलगा येत्या रविवारी दुपारी एक वाजता तिला कायमची घेऊन विमानतळाकडे निघणार होता, आणि तो राहत होता थेट समुद्रापलीकडच्या देशात. आई चौऱ्याऐंशीची, मावशी एक्क्याऐंशीची. पुन्हा भेट व्हायची नाही, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. उगाच कोणी तसं बोलत नव्हतं, इतकंच.

"एकदा धाकटीचा हात हातात घेऊ दे," आई म्हणाली. "फोनवर तिला माझं ऐकू येत नाही आणि मला तिचं."

हे खरंच होतं. "पाय कसे आहेत?" असं आईने विचारलं की मावशी सांगायची, "हो, आत्ताच चहा घेतला."

"त्यापेक्षा रुग्णवाहिका केली तर?" अनुस्वाराच्या बायकोने सुचवलं होतं.

"नको गं बाई! तिच्या दारात रुग्णवाहिकेतून आडवी उतरले, तर तिला वाटायचं मी गेलेच!"

पूर्वी दोघी एकमेकींना पत्रं लिहायच्या. दर पंधरवड्याला, चार चार पानी. मग अनुस्वार छापखान्यात लागला. आईची पत्रं पोस्टात टाकायचं काम त्याच्याकडे आलं, आणि टाकण्यापूर्वी तो ती लाल शाईने तपासू लागला. मावशीकडून आलेलीही तपासू लागला! सहा महिन्यांत आईने लिहिणं बंद केलं. "फोनच बरा," म्हणाली. अनुस्वाराला वाटलं, आईला नव्या गोष्टींची आवड आहे.

शुक्रवारी संध्याकाळी तो गाडी बघायला गेला. गाडी शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पुढच्या काचेला भेग, मागच्या चाकाला विटेचा आधार, आणि खिडकीचा पडदा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लटकवलेला. मालक अघळपघळ माणूस होता.

"सगळं चालू आहे ना?" अनुस्वाराने विचारलं.

"चालू म्हणजे? एकदम चालू! आणि जे काही बारीकसारीक आहे ते करारात लिहिलंय, साहेब. आपण लपवत नाही काही. वाचून घ्या."

करार! आता गाडीकडे कोण बघतो! अनुस्वाराने बूड टेकलं, टोपण काढलं आणि दीड तास हलला नाही. कलम तीनमध्ये होतं, "दार फक्त बाहेरुन उघडते." त्याने 'रु' दीर्घ केला. कलम चारमध्ये होतं, "नळाला पाणि ब्रेक दाबल्यावर येते." त्याने 'णि' दीर्घ केला. कलम सहा सांगत होतं, "डावीकडे वळताना होर्न आपोआप वाजतो." त्याने 'हॉर्न' केलं आणि मान हलवली. कलम आठ : "गाडी चढावर गरम होते थांबते." त्याने दोन्हींमध्ये 'व' घातला. किती समाधान वाटलं म्हणून सांगू!

मग आलं कलम नऊ. "गाडी बंद पडल्यास सोडून जाता येईल नाही थांबलात तरी चालेल."

"येईल नाही?" अनुस्वार ओरडला. "ही काय भाषा झाली?" त्याने फराटे मारले आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "गाडी बंद पडल्यास कोणत्याही प्रवाशाला ती सोडून जाता येणार नाही. थांबलात तरच चालेल." 'कोणत्याही प्रवाशाला' हे त्याने पदरचं घातलं. वाक्याला कर्ता नव्हता ना!

एकूण सदतीस दुरुस्त्या झाल्या, त्याही दोन्ही प्रतींत. मालकाने न वाचताच दोन्हींवर सही ठोकली. "तुम्ही बघितलंत म्हणजे झालं," म्हणाला. अनुस्वाराची छाती दोन इंच फुगली.

शनिवारी सकाळी सातला निघाले. आई पलंगावर आडवी. तिने मावशीसाठी विणलेला लोकरीचा मफलर पोटाशी धरलेला. बायको शेगडीशी. गाडी पहिल्याच चौकात डावीकडे वळली आणि हॉर्नने जो टाहो फोडला, तो वळण संपलं तरी थांबेना! पुढचा सायकलवाला घाबरून गटारात गेला आणि तिथूनच त्याने अनुस्वाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अहो, हे काय?"

"ते कलम सहा आहे," अनुस्वार म्हणाला. म्हणाला आणि जरा चपापला.

मग चहासाठी बायकोने पातेलं नळाखाली धरलं. नळ कोरडा. पुढे फाटक आलं, अनुस्वाराने करकचून ब्रेक दाबला आणि नळातून असा फवारा सुटला की बायको कमरेपर्यंत भिजली!

"कलम चार," अनुस्वार पुटपुटला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाचलं होतं."

"वाचलं होतं म्हणजे माहीत होतं ना?"

चौतीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वाचणं आणि माहीत असणं यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हेच तो विसरून गेला होता. बायकोला कपडे बदलायला पिशवी हवी होती, ती गाडीच्या मागच्या, बाहेरून उघडायच्या कप्प्यात. दार आतून उघडेना. अनुस्वाराला ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर पडून, वळसा घालून, बाहेरून दार उघडावं लागलं. खिडकीत तो पोटाशी अडकला तेव्हा रस्त्यावरच्या दोन बायकांनी थांबून त्याला ओढून काढलं.

बाराच्या सुमाराला चढ लागला. गाडी गरम झाली व थांबली.

मधला 'व' आता अनुस्वाराला स्पष्ट दिसत होता.

शेजारी एक पंक्चर काढायचं दुकान होतं, आणि बाकी नुसता रखरखाट. मावशीचं गाव अजून दोन तास. मालकाचा फोन लागेना. कार्यालयातली बाई म्हणाली, "मालक लग्नाला गेलेत. मेकॅनिक उद्या सकाळी सातला पाठवते."

"मग आपण दुसरी गाडी बघू," बायको म्हणाली. "आईंना आडवं झोपवता येईल अशी. पंक्चरवाला म्हणतोय, पायथ्याच्या गावात रुग्णवाहिका आहे. आता नाइलाजच आहे."

"नाही जाता येणार."

"का?"

"कलम नऊ. कोणत्याही प्रवाशाला."

"तुमचं कलम गेलं खड्ड्यात! मावशी चाललीय उद्या!"

"सही आहे माझी त्यावर!" अनुस्वाराचा आवाज चिरकला. "आणि सातला मेकॅनिक येतोय. सात आणि दोन, नऊ. एकला निघणारेत ते. चार तास आहेत हातात!"

बायकोने सासूकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती. "सकाळी येतोय म्हणतात ना? मग थांबू," ती म्हणाली. ती मुलाला वाचवत होती, हे बायकोला कळलं. अनुस्वाराला वाटलं, आईलाही कायद्याची चाड आहे.

संध्याकाळी मावशीचा फोन आला, आणि कधी नव्हे ते दोघींना एकमेकींचं ऐकू आलं.

"ताई, कुठवर आलीस?"

"कलम नऊपाशी थांबलोय गं."

"कुठलं गाव ते?"

"मलाही ठाऊक नाही," आई म्हणाली. "बरंच लांब आहे वाटतं."

त्यानंतर अनुस्वाराने करार पुन्हा उघडला. कुठे पळवाट सापडते का बघत होता. एकही नव्हती. असेल कशी? मुळात होत्या त्या सगळ्या त्यानेच बुजवल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला निर्दोष मजकुराचा राग आला.

रविवारी सात वाजले, मेकॅनिक नाही. आठ वाजले, नाही. नऊला बायको बोलायची थांबली, आणि ती बोलायची थांबली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, एवढं त्याला कळत होतं. आईने सकाळीच केस विंचरून घेतले होते. मफलरची घडी ती मोडायची, पुन्हा घालायची. साडेदहाला एकदाचा मालकाने फोन उचलला.

"अजून तिथेच?" मालक आश्चर्याने म्हणाला. "अहो, गेलात का नाही?"

"जाता येत नाही. कलम नऊ."

"अहो, कलम नऊ त्यासाठीच तर घातलंय! आमची गाडी ही अशी. बंद पडली तर गिऱ्हाईकाने बिचाऱ्याने का अडकून पडावं? सोडून जाता येईल. नाही थांबलात तरी चालेल. मी स्वतः लिहिलंय!"

अनुस्वाराच्या कानात काहीतरी सणसणलं. जाता येईल, पूर्णविराम. नाही थांबलात तरी चालेल, पूर्णविराम. एक टिंब! नुसतं एक टिंब घालायचं होतं!

"थांबा हं, माझी प्रत बघतो," मालक म्हणाला. कागद सळसळले. "अरेच्चा! हे लाल शाईत कोणी खरडलंय?"

अनुस्वाराने फोन ठेवला. त्याला बायकोकडे बघवेना, आईकडे तर नाहीच. पण फोन स्पीकरवर होता, कारण आईला ऐकू यावं म्हणून तो नेहमी स्पीकरवरच असे.

बायकोने रुग्णवाहिका बोलावली. ती यायला पाऊण तास लागला. दार बाहेरून उघडलं, आईला स्ट्रेचरवर घेतलं, आणि निघाले. वाटेत अनुस्वार सारखा ड्रायव्हरला म्हणत होता, "जरा जोरात! अहो, सायरन वाजवा!"

"पेशंट सीरियस आहे का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही," आई मागून म्हणाली. "पेशंट नुसता उशिरा निघालाय."

एक वाजून वीस मिनिटांनी ते मावशीच्या दारात पोचले. दाराला कुलूप होतं. अंगणात खोक्यांच्या दोऱ्या पडलेल्या आणि एक मोडकी बादली. रुग्णवाहिका बघून शेजारीण धावत आली आणि आत डोकावून आईला म्हणाली, "तुम्ही ताई ना? आत्ता गेल्या हो! वीस मिनिटंसुद्धा झाली नाहीत. पायरीवर बसून होत्या सकाळपासून. शेवटी मुलाने धरून उठवलं." मग तिने पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढून दिली.

आईचा चष्मा त्या गाडीतच राहिला होता. "वाच," ती म्हणाली.

अनुस्वाराने चिठ्ठी उघडली. पेन्सिलीने लिहिलेल्या पाच ओळी होत्या.

"ताई, खूप वाट पाहीली. गाडिवाला होर्न वाजवतोय. तूझा हात धरायचा राहीला. आता पत्र लीही."

त्याने मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ आईने त्याला दोनदा वाचायला लावली. सवयीने सहा चुका डोळ्यांत भरल्या होत्या. हातही खिशाकडे गेला होता. तिथेच थांबला.

आईने मफलर शेजारणीकडे दिला. "तुम्हीच घाला," म्हणाली. मग बराच वेळ तिने कुलपाकडे पाहिलं. रडली नाही. रडली असती तर अनुस्वाराला बरं वाटलं असतं.

"चुका किती आहेत रे?" तिने विचारलं.

"एकही नाही, आई."

"खोटं बोलतोस. 'तुझा' तिला आयुष्यात ऱ्हस्व लिहिता आला नाही. शाळेत तिची पाटी मीच पुसायचे." तिने डोळे मिटले, उघडले. "घरी गेलो की कागद दे मला. चार पानं. आणि ते लाल पेन आत्ताच दे इकडे."

अनुस्वाराने पेन काढून तिच्या हातात ठेवलं. पण स्वभाव कुठे जातो?

"आई, पत्र लाल शाईत लिहू नये. बरं दिसत नाही."

"लिहायला नकोय मला ते," आई म्हणाली. "पत्र पोस्टात पडेपर्यंत उशाखाली ठेवणार आहे. आणि टाकायला सूनबाई जाईल."