नावेच्या बुडाला शेंदरी हात

नावेला रंग देणं म्हणजे भिंत रंगवण्याहून सोपं! खोलीला चार भिंती असतात, नावेला एकच बूड. काकासाहेबला मी हे छातीठोकपणे सांगितलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

काकासाहेब माझा ऑफिसातला जोडीदार. नोकरी संभाजीनगरात, पण त्याचं शेत जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे साठलेल्या पाण्याला लागून. आमची दोघांची फायबरची नाव तिथंच असते. धरण झालं तेव्हा त्याचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. त्याची आई, आवडाबाई, लग्न होऊन त्याच गावात आलेली. आता तिनं एकच हट्ट धरला होता, "मला एकदा माझ्या घरावरून फिरवून आणा रं."

पण नावेच्या बुडाला इतकं शेवाळ धरलं होतं, की कितीही वल्हवा, ती रुसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना! म्हणून शेवाळ धरू न देणारा खास रंग मी मागवला. त्यात तांबं, त्यामुळं विषारी. आणि असा शेंदरी की बघत राहावं!

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आम्ही शेत गाठलं. नाव लिंबाखाली विटांवर पालथी घातली, पाणी मारत घासली, पुसून सुकवली. मी रंगाचा हात दिला आणि काकासाहेब आईला आणायला गेला.

ऊन तापलं होतं. नावेखाली मात्र काय गारवा! सरपटत आत शिरलो, पाठ टेकली. फायबरमधून उजेड झिरपत होता, आत सगळं केशरी. जणू संध्याकाळच्या ढगात मला कुणी घडी घालून ठेवलंय! बाहेर पाणी चुळुकचुळुक करत होतं. हळूहळू मला पाण्याखालचं गाव दिसायला लागलं. गल्लीतून माशांची वरात चाललीय, पारावर कासव पान खात बसलंय, आणि एका दारात नवी नवरी आवडाबाई पाण्यातच सडा टाकतेय...

"कवा परगटला वं ह्यो देव?"

मी दचकून जागा झालो. बाहेर बायकांचा आवाज!

"सकाळी तर नव्हता. लई जागृत दिसतोय!"

"भामाबाई, नारळ काढ. हितंच फोडू, पाठीवर. आदी ह्याच्या अंगचा शेंदूर लाव आपल्या कपाळाला."

माझ्या नावेवर नारळ? मी आतूनच ओरडलो, "फोडू नका! कपाळाला लावू नका! विष आहे!"

बाहेर बाजाराच्या पिशव्या धपाधप खाली पडल्या. मग एकदम गलका, "बोलला! देव बोलला!"

घाईत बाहेर सरपटताना माझं टक्कल ओल्या कडेला घासलं. देवाच्या पोटातून शेंदरी डोक्याचा माणूस बाहेर! बाजाराहून परतणारे सगळे पाया पडले.

"अहो, ही नाव आहे, नाव!"

"नाव सांगतुया! काय नाव, देवा?"

"माझं? श्रीनिवास!"

"म्हंजे बालाजी! बालाजी परगटला!"

काकासाहेब आईला घेऊन आला तोवर जत्रा भरली होती. नाव पाण्यात न्यायची म्हटल्यावर लोक आडवे झाले. "देव बुडवता व्हय?"

काकासाहेब विनवून थकला. आवडाबाईचा चेहरा उतरला. पाणी हाकेच्या अंतरावर, पण वाटेत भक्त! मग म्हातारी काठी टेकत पुढं झाली. "अरं, देव पाण्यात सोडायचाच असतो की! उचला!"

झालं! गजर करत सगळ्यांनी नाव उचलली. सुलटी केल्यावर आत बाकं दिसली, तर ती देवाचं आसन ठरली! मी मात्र प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावले.

नाव पाण्यावर लोण्यासारखी सरकली. काठ, माणसं, गजर, सगळं विरघळत गेलं. उरलं फक्त पाणी आणि आभाळ; दोन्ही एकाच रंगाची. आवडाबाई नावेच्या कडेवरून वाकून बघत होती. "हितं चूल. तिकडं गोठा." मग एकदम कुजबुजली, "काकासाहेब, हळू मार रं. वल्हं घराच्या माळवदाला लागंल."

काकासाहेबनं वल्हं वर उचललं. नाव त्या घरावर नुसती तरंगत राहिली.

परत काठाशी आलो तर लोक अजून तिथंच! "मागं फिरा! सोडल्याला देव परत आणत नसत्यात!"

काय करता? पैलतीराला उतरलो, नाव तिथंच बांधली आणि एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून घरी आलो. मी अनवाणीच. माझ्या चपला लिंबाखाली राहिल्या होत्या. काकासाहेब सांगतो, त्यांना रोज ताजा हार पडतो. मागायला जायची अजून हिंमत होत नाही. नव्या होत्या हो!